संसारी माणसाचे कान

माणसाच्या आयुष्यांत एक वेळ अशी येते कीं, नवें कांहीं ऐकावयास तो नकार देऊं लागतो. आणि त्याहून चमत्कारिक गोष्ट ही कीं, या नकारास स्वतःचा दोष न मानतां तो प्रौढपणाचें लक्षण मानूं लागतो. ‘आमच्या वेळचें संगीत निराळें होतें’ हें वाक्य ज्या घरांत एकदांही उच्चारलें गेलें नाहीं, असें घर आम्हांस ठाऊक नाहीं. हा आळस केवळ आळस म्हणून राहता, तर त्याबद्दल लेखणी उचलण्याचें कारण नव्हतें. परंतु जेव्हां एखादा नामांकित लेखक या आळसाला तत्त्वाचा अंगरखा शिवून देतो, आणि संसारी माणसाला कठीण कलेपासून सूट मिळाली पाहिजे असें एका प्रतिष्ठित साप्ताहिकांतून प्रतिपादन करतो, तेव्हां संसारी माणसांच्याच वतीनें कोणी तरी त्यास उत्तर देणें अवश्य होतें.

हें प्रतिपादन करणारे लेखक म्हणजे इंग्रज कादंबरीकार निक हॉर्नबी. साप्ताहिक न्यूयॉर्कर, साल २०००. आणि निमित्त, ऑक्सफर्डच्या ‘रेडिओहेड’ या बँडचा त्याच सालच्या ऑक्टोबरांत निघालेला ‘किड ए’ हा अल्बम. पाव शतकापूर्वींचा वाद आज उकरून काढण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. प्रयोजन हें कीं, त्या अल्बमाचा निकाल काळानें केव्हांच लावला. परंतु त्या निमित्तानें मांडलेला सिद्धान्त अद्याप जिवंत आहे, आणि तो आपल्या दिवाणखान्यांतही नित्य ऐकूं येतो.

ज्या वाचकांचा या मंडळीशीं परिचय नसेल, त्यांच्यासाठीं थोडी पूर्वपीठिका देणें इष्ट आहे. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गांवच्या शाळेंत शिकणाऱ्या पांच मुलांनीं १९८५ सालीं हा बँड उभा केला. तालीम शुक्रवारीं होई, म्हणून त्याचें पहिलें नांव ‘ऑन अ फ्रायडे’. १९९१ सालीं ईएमआय कंपनीशीं करार झाला आणि ‘रेडिओहेड’ हें नांव आलें. थॉम यॉर्क हा गायक. जॉनी आणि कॉलिन ग्रीनवुड हे बंधु. एड ओब्रायन हा गिटारवादक. आणि फिलिप सेल्वे ड्रमवर. बाजारी रॉक संगीताच्या ठरीव सांच्यांशीं फटकून वागणाऱ्या बँडांस त्या काळीं ‘आल्टरनेटिव्ह रॉक’ म्हणत. परंतु नव्वदच्या दशकांत हें फटकून वागणें हाच एक मोठा व्यापार होऊन बसला होता. १९९३ व १९९५ सालच्या दोन अल्बमांनंतर १९९७ सालीं ‘ओके कॉम्प्युटर’ निघाला, आणि त्यानें या पांच जणांस कीर्तीच्या शिखरावर नेऊन बसविलें. त्यांच्या गिटारींचे सूर, यॉर्कचा तो उंच, व्याकुळ गळा, यांची नक्कल करणारे बँड लवकरच इंग्लंडांत जागोजाग निघाले.

अशा वेळीं व्यवहारचतुर माणूस काय करील? जें विकलें गेलें तेंच थोड्या फरकानें पुन्हां विकील. हे तसें करते तर त्यांस कोणीं दोष दिला नसता. परंतु प्रदीर्घ दौऱ्यानें शिणलेल्या यॉर्कची अवस्था अशी झाली होती कीं, गिटार हातांत घेतली कीं त्याला कांहीं सुचेना. आपल्याच आवाजाची नक्कल चहूंकडून ऐकूं येऊं लागल्यावर तो आवाजही त्याला परका वाटूं लागला. त्यानें पियानो घेतला. वॉर्प कंपनीच्या यंत्रसंगीताच्या तबकड्या ऐकण्यांत दिवस घालविले. १९९९ च्या आरंभीं पॅरिस, नंतर कोपनहेगन, नंतर ग्लॉस्टरशायर परगण्यांतील बॅट्सफर्ड पार्क, आणि शेवटीं ऑक्सफर्डजवळ स्वतः उभारलेला स्टुडिओ, अशी भटकंती करीत नायजल गॉड्रिच या निर्मात्याच्या साह्यानें काम चाललें. तें कसें चाललें? ओब्रायनची अपेक्षा होती छोट्या, सुरेल गिटारगीतांची. आणि येथें तर गिटारच बाजूला पडलेली. ड्रम वाजविणाऱ्यासमोर यंत्राचा ठोका येऊन उभा राहिलेला. प्रसिद्ध करण्याजोगें कांहीं निघालें नाहीं तर बँड मोडावयाचा, येथपर्यंत गोष्ट आली. एकदां तर गॉड्रिचनें मंडळीचे दोन गट पाडले: एकानें यंत्रांतून नाद निर्माण करावयाचे, दुसऱ्यानें ते घेऊन पुढें वाढवावयाचे. त्या प्रयोगांतून एकही पुरें गाणें निघालें नाहीं. परंतु गिटार खालीं ठेवूनही आपण उपयोगाचे आहों, एवढा धीर तरी त्यांतून मिळाला.

हा सारा तपशील सांगण्याचें कारण असें कीं, विरोधकांचा पहिला आक्षेप ‘आत्मलालसे’चा आहे. मेलडी मेकर या लंडनच्या जुन्या संगीतपत्रांत मार्क बोमॉन्ट यांनीं या अल्बमाची संभावना फुगलेला, दिखाऊ, स्वतःवर खूष असलेला माल अशा आशयाच्या शब्दांनीं केली. आमचा प्रश्न साधा आहे. स्वतःवर खूष असलेला मनुष्य आपलें हातचें, यशस्वी ठरलेलें शस्त्र टाकून जें वाजवितां येत नाहीं त्याच्याशीं वर्षभर झटापट करीत बसतो काय? आत्मसंतुष्टपणा ओळखण्याची खूण पुनरावृत्ति ही आहे. ज्या गवयाला कालच्या टाळ्या पुरेशा वाटतात, तो आज तीच तान घेतो. ज्याला त्या टाळ्यांचीच भीति वाटूं लागली, त्याला आणखी कांहींही म्हणा; आत्मसंतुष्ट मात्र म्हणूं नका.

आतां हॉर्नबी यांच्याकडे वळूं. त्यांचें म्हणणें अधिक सभ्य आहे, आणि म्हणूनच अधिक धोक्याचें आहे. त्यांस अन्याय होऊं नये म्हणून तें शक्य तितकें सरळ सांगतों. ते म्हणतात, असा अल्बम आत्मसात् करावयास रात्रीमागून रात्र घरीं बसून त्याच्या स्वाधीन व्हावें लागतें. इतकी भक्ति आणि इतकी सवड सोळा वर्षांच्या मुलापाशीं असते. माणूस एकदां पगार घेऊं लागला, दिवसाचें काम संपवून, मुलांबाळांचें पाहून थकून बसला, म्हणजे त्याला इतके कष्ट मागणारी कला परवडत नाहीं. शिवाय, या स्वच्छंदांतून वेगळेपण निपजण्याऐवजीं एक प्रकारचें निनांवीपणच निपजलें, अशीही पुस्ती त्यांनीं जोडली आहे.

या युक्तिवादांत सत्याचा अंश नाहीं असें म्हणणारा एक तर ब्रह्मचारी असला पाहिजे, नाहीं तर ढोंगी. लोकलगाडीच्या गर्दींतून घरीं परतलेल्या माणसाची, किंवा स्वयंपाक, अभ्यास आणि सासूचें औषधपाणी उरकून रात्रीं दहाला प्रथमच खुर्चीवर टेकणाऱ्या गृहिणीची थकावट खरी आहे. तिची टवाळी करण्याचा अधिकार कोणत्याही कलावंताला नाहीं. परंतु थकावट खरी असली म्हणजे तिच्यावरून काढलेला सिद्धान्तही खरा, असें ठरत नाहीं.

प्रथम वेळेचा हिशेब करूं. ‘किड ए’ या अल्बमांत दहा गाणीं आहेत. एकंदर काळ पाऊण तासाहून थोडा अधिक. ज्या माणसाला यासाठीं वेळ नाहीं, तो रोज रात्रीं वृत्तवाहिनीवरील भांडणांस किती वेळ देतो, हें त्यानें एकदां घड्याळ लावून पाहावें. आणि हॉर्नबी यांच्यापुरतें बोलावयाचें तर आम्हांस त्यांच्याच ग्रंथाचा आधार पुरेसा आहे. १९९२ सालीं निघालेलें ‘फीव्हर पिच’ हें त्यांचें गाजलेलें पुस्तक म्हणजे आर्सेनल या फुटबॉल संघाच्या एका भक्ताची आत्मकथा. १९७१ नंतर त्या संघाला लीगचें विजेतेपद मिळालें तें १९८९ सालीं. मधलीं अठरा वर्षें हा भक्त थंडींत, पावसांत उभा राहून रटाळांत रटाळ सामने पाहत होता. आणि त्या अवधींत तो वयानेंही वाढला आणि कमवूंही लागला. तेव्हां प्रौढ माणसापाशीं धीर आणि भक्ति नसते, हें त्यांचें म्हणणें त्यांच्याच चरित्रानें खोटें पाडलें आहे. धीर असतो; तो कोठें खर्चावयाचा हें मात्र ज्याचें त्यानें ठरविलेलें असतें. ‘मला हा अल्बम आवडला नाहीं, माझा धीर मी आर्सेनलसाठीं राखून ठेवला आहे’, असें ते म्हणते तर तो एक प्रामाणिक अभिप्राय झाला असता. त्यांनीं आपल्या आवडीनिवडीला गृहस्थाश्रमाचा कायदा बनविलें, ही आमची तक्रार आहे.

हा कायदा आपल्या इकडच्या अनुभवालाही धरून नाहीं. पुण्यास १९५३ पासून भरत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवांत विलंबित ख्याल ऐकावयास कोण बसतें? सोळा वर्षांचीं मुलेंच काय? तेथें कारकून बसतात, शिक्षक बसतात, बँकेंतून थेट आलेल्या बाया डबा मांडीवर घेऊन बसतात. बडा ख्याल हा कांहीं पहिल्या भेटींत गळ्यांत पडणारा प्रकार नव्हे. तो धीर मागतो, आणि पगारदार, संसारी, थकलेले लोक तो देत आले आहेत. असें असतां परक्या देशांतील एका बँडनें पाऊण तास मागितला, म्हणजे आपण एकदम थकतों हें कसें? खरें कारण थकवा हें नसून, ख्यालाच्या वाटेवरून आपले वडील आपल्याला हात धरून घेऊन गेले होते, आणि या वाटेवर आपणांस आपल्या मुलांचा हात धरावा लागेल, हें आहे. तेथें मान आड येतो.

आतां दुसरा मुद्दा: हें संगीत खरोखरच इतकें दुर्बोध आहे काय? ‘दुर्बोध’ हा शब्द मराठी वाचकाला नवा नाहीं. १९४७ सालीं मर्ढेकरांच्या ‘कांहीं कविता’ निघाल्या, तेव्हां तो किती स्वस्त झाला होता हें सर्वश्रुत आहे. आणि पुढें त्याच कविता क्रमिक पुस्तकांत जाऊन बसल्या. दुर्बोधतेचा आरोप पुष्कळदां कृतीसंबंधीं कमी आणि ऐकणाऱ्याच्या अपेक्षेसंबंधीं अधिक सांगतो. गिटार येईल म्हणून जो कान टवकारून बसला, त्याला गिटार न आल्याचा आवाज एवढाच काय तो ऐकूं येतो.

गिटारीच्या जागीं काय आलें तें पाहा. जॉनी ग्रीनवुडनें येथें ‘ऑंद मार्तनो’ हें वाद्य वाजविलें आहे. मोरिस मार्तनो या फ्रेंच गृहस्थानें १९२८ सालीं तें लोकांपुढें आणलें. बोटांत अंगठी अडकवून ती तारेवरून सरकविली कीं स्वर तुटल्याविना घसरत जातो. ज्याच्या कानाला सारंगीची मींड ठाऊक आहे, त्याला हें वाद्य परकें वाटण्याचें कांहींच कारण नाहीं; इंग्रज श्रोत्यापेक्षां तो येथें दोन पावलें पुढेंच आहे. ‘हाऊ टु डिसॲपिअर कम्प्लीटली’ या गाण्यांत हा स्वर तंतुवाद्यांच्या समूहावर तरंगतो. तो समूह ध्वनिमुद्रित केला ऑक्सफर्डजवळच्या डॉर्चेस्टर ॲबी या बाराव्या शतकांतील देवळांत; आणि त्याच्या मधोमध यॉर्कचा गळा अगदीं उघडा, कसल्याही आडोशावांचून उभा आहे. हें निनांवीपण म्हणावयाचें काय? ‘इडियोटेक’ या गाण्याचें मूळ असें: ग्रीनवुडनें यंत्रावर केलेल्या दीर्घ खटाटोपाचें मुद्रण यॉर्कच्या हवालीं केलें, त्या सबंध पसाऱ्यांतून यॉर्कनें मिनिटाहूनही लहान असा एक तुकडा उचलला आणि त्यावर गाणें रचलें. तो तुकडा पॉल लान्स्की या अमेरिकन रचनाकाराच्या १९७३ सालच्या संगणकी रचनेंतला होता. म्हणजे विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत पडून राहिलेल्या चार स्वरपुंजांवर पुढें हजारों तरुण नाचले. यांत लोकांविषयींचा तुच्छभाव कोठें आहे? उलट, पंडितांपाशीं अडकलेली वस्तु लोकांपर्यंत आणण्याचा हा उद्योग आहे.

आवाज यंत्रांतून काढून विद्रूप केला, असाही एक आरोप आहे. शीर्षकगीतांत तसें केलें आहे हें खरें. परंतु त्याचें कारण गायकानेंच पुढें सांगितलें: ते शब्द इतके क्रूर होते कीं, स्वतःच्या उघड्या आवाजांत ते म्हणणें त्याला शक्य झालें नसतें. आपल्या आईच्या मृत्यूची वार्ता सांगतांना आपण सगळे सपाट, परक्या आवाजांत बोलतों. त्यांत कोणी कृत्रिमपणा पाहत नाहीं.

तिसरा मुद्दा लोकाभिरुचीचा. एकही सुटें गाणें बाजारांत आगाऊ काढलें नाहीं, रूढ चित्रफिती केल्या नाहींत, मुलाखती जेमतेम दिल्या, आणि भरींत भर म्हणजे प्रकाशनापूर्वींच सारीं गाणीं नॅप्स्टरवरून फुकट फिरूं लागलीं. व्यापाराच्या शास्त्राप्रमाणें हा अल्बम बुडावयास हवा होता. तो इंग्लंडांत पहिल्या क्रमांकावर गेला, आणि अमेरिकेंतही पहिल्याच आठवड्यांत सुमारें २,०७,००० प्रती खपून पहिला ठरला. तेथें हा मान या बँडला पूर्वीं कधींच मिळाला नव्हता. २००१ सालीं त्याला आल्टरनेटिव्ह अल्बमाचें ग्रॅमी पारितोषिक मिळालें. खपावरून गुण ठरतो असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. परंतु ‘सामान्य माणसाला हें झेपणार नाहीं’ असें सामान्य माणसाच्या नांवानें सांगणारांनीं त्यालाच विचारलें नव्हतें, एवढें तर या आंकड्यांवरून खास सिद्ध होतें.

येथवर एक बाजू झाली. परंतु या अल्बमाच्या भक्तांचीही गय करून चालणार नाहीं. पिचफोर्क या अमेरिकन संगीतपत्रानें त्याला दहांपैकीं दहा गुण दिले, आणि त्यानंतर एक पंथच निघाला. या पंथांत कठीणपणा हाच गुण. समजलें नाहीं म्हणजे श्रेष्ठ. आवडलें नाहीं असें म्हणणारा अरसिक. हे लोक हॉर्नबींचेच चुलतभाऊ आहेत. सामान्य माणसाला हें झेपत नाहीं, यावर दोघांचें एकमत आहे; एकाला त्याचें समाधान वाटतें आणि दुसऱ्याला त्याचा अभिमान, एवढाच काय तो फरक. ‘ट्रीफिंगर्स’ हा अल्बमाच्या मध्यावरचा तुकडा आम्हांस आजही कांहीं सांगत नाहीं, आणि तसें म्हणतांना आमची जीभ अडखळत नाहीं. शिवाय, या धाडसाला पैशाचें पाठबळ होतें हेंही झांकून ठेवूं नये. पूर्वींच्या यशामुळें या मंडळीस वर्षाहून अधिक काळ मुदतीवांचून काम करतां आलें. त्याच वर्षीं युरोपांत जाहिरातींचा एकही फलक नसलेल्या स्वतःच्या तंबूंत त्यांनीं कार्यक्रम केले, ही गोष्ट प्रशंसनीय खरी. पण असा तंबू उभारण्याची ऐपत दारोदार फिरणाऱ्या नव्या बँडला कोठून असणार? तथापि, ज्याला ऐपत आहे त्यानें ती कशांत घालवावी, हाही प्रश्न उरतोच. बहुतेक जण ती पुन्हां तेंच करण्यांत घालवितात. यांनीं ती धोका पत्करण्यांत घातली.

आतां थोडें घरचें. प्रस्तुत लेखकानें हा अल्बम प्रथम ऐकला तेव्हां त्याला यंत्र बिघडलें असें वाटलें. हॉर्नबी यांचा लेख वाचून तर त्याला आनंदाचें भरतें आलें. आपल्या कंटाळ्याला इतका सुशिक्षित कैवारी मिळाला होता. घरांतील कन्येनें तोच अल्बम पुन्हां लावला, तेव्हां ‘हें बंद कर, दिवसभर डोकें कमी का दुखतें?’ असें म्हणून त्यानें दार लोटून घेतलें. तिनें तो बंद केला. पुढें कित्येक महिने ती काय ऐकते हें तिनें सांगितलें नाहीं, आणि आम्हींही विचारलें नाहीं. घरांत भांडण झालें असें नव्हे. एक विषय कमी झाला, इतकेंच. मग दुसरा झाला. मुलें बापाशीं बोलेनाशीं होतात तीं बहुधा अशींच, आवाज न करतां.

एका मार्चांत, रात्रीं प्राप्तिकराचे कागद मांडून बसलों असतां, तिच्या खोलींतून या अल्बमाचें शेवटचें गाणें ऐकूं आलें. त्याच्या आरंभीं पायानें भाता हालवून वाजविण्याची पेटी आहे. तो दीर्घ, भरलेला स्वर ऐकतांच हातांतली लेखणी थांबली. आमच्या लहानपणीं शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहत. त्यांनीं तारुण्यांत एका नाटक मंडळींत पायपेटी वाजविली होती. संध्याकाळीं ते तिच्यावर नाट्यपदें वाजवीत, आणि आमचे वडील ओट्यावर येऊन उभे राहत. आम्ही उठून दार उघडलें आणि कन्येला विचारलें, ‘ही पायपेटी का ग?’ तिला तो शब्द ठाऊक नव्हता. तो तिला समजावून सांगतां सांगतां तें गाणें संपलें. मग तिनें तें पहिल्यापासून लावलें, आणि आम्ही खालीं बसलों. प्राप्तिकराचे कागद दुसऱ्या दिवशीं भरले. कोणतेंही आकाश कोसळलें नाहीं.

त्या रात्रीं आम्हांस सर्व समजलें असें नाहीं. परंतु ‘वेळ नाहीं’ हें आमचें उत्तर खोटें होतें, एवढें समजलें. हॉर्नबी यांच्या सिद्धान्तावर आमचा राग आहे तो यासाठीं. तो सिद्धान्त संसारी माणसाची बाजू घेतल्यासारखा दिसतो. वस्तुतः तो त्याला वयाच्या पस्तिशींत कानांनीं निवृत्त होण्याचा सल्ला देतो, आणि या निवृत्तीची किंमत घरांतल्या दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते, हें सांगावयाचें विसरतो. ज्या कलावंतानें आपल्या श्रोत्यापाशीं पाऊण तास मागितला, त्यानें निदान तो देण्याची पात्रता श्रोत्याच्या अंगीं आहे असें मानलें. ज्या टीकाकारानें तो मागूं नका म्हटलें, त्यानें तेवढाही मान दिला नाहीं. या दोघांत संसारी माणसाचा मित्र कोण, हें वाचकांनींच ठरवावें. ठरविण्यापूर्वीं, शेजारच्या खोलींत काय वाजत आहे, तें मात्र एकदां दार उघडून ऐकावें.